पाळीवर गेला आणि तिथलाच झाला

प्रेम म्हणजे मनात उठणारी एक लाट, की रोज सकाळी उठून करायचं काम? बेल्जियममधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने हवाईतल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत सोळा वर्षं राहून या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्या फादर डेमियनची ही गोष्ट.

एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प केलाय का कधी? केला असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल. पहिल्या दिवशी फावडं आपल्याच हाती यावं म्हणून धडपड चालते. चौथ्या दिवशी त्याच हाताला फोड आलेले असतात. सहाव्या दिवशी निम्मी मंडळी परतीच्या बसची चौकशी करत असतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उत्साहाचं आयुष्य तेवढंच असतं. कर्तव्य त्याहून थोडं जास्त टिकतं, कारण कर्तव्याला वेळापत्रक असतं. वेळ भरली की माणूस मोकळा.

आज ज्याची ओळख करून घ्यायची आहे, त्यालाही असंच वेळापत्रक दिलं होतं. चार जणांनी आळीपाळीने जायचं, काही काळ राहायचं, पुढचा आला की परतायचं. पाळी लावण्यामागे वरिष्ठांची काळजी होती, कारण जागाच तशी होती. हा पहिल्या पाळीला गेला. आणि थोड्याच दिवसांत त्याने वरिष्ठांना कळवून टाकलं, की पाळीची गरज नाही, मला इथेच राहू द्या. मग तो सोळा वर्षं तिथे राहिला आणि तिथल्याच मातीत गेला.

त्याचं नाव फादर डेमियन. जागेचं नाव मोलोकाई. तो तिथे का राहिला, हा खरा प्रश्न आहे. शौर्य म्हणून, स्वर्ग मिळावा म्हणून, वरून हुकूम आला म्हणून? यातलं एकही उत्तर त्याच्या आयुष्याला पुरत नाही. ते का पुरत नाही, हे बघायचं तर सुरुवातीपासून जायला हवं.

धंद्यासाठी राखून ठेवलेला मुलगा

३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधल्या ट्रेमेलो या खेडेगावात त्याचा जन्म झाला. घरचं नाव जोसेफ डी व्हूस्टर. भावंडांत सातवा. वडील शेती करायचे आणि धान्याचा व्यापार. घर खाऊन-पिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हे. आई पोरांना जवळ बसवून एका जाडजूड पुस्तकातून संतांची चरित्रं वाचून दाखवायची. आपल्याकडे आजी भक्तिविजयातल्या कथा सांगायची, तसंच काहीसं. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. बहिणी मठात गेल्या, मोठा भाऊ ऑगस्ट धर्मगुरू व्हायला निघाला.

राहिला जोसेफ. अंगाने दणकट, कामाला वाघ, त्यामुळे वडिलांनी त्याला धंद्यासाठी मनातल्या मनात राखूनच ठेवलं होतं. व्यापाराला फ्रेंच यायला हवं म्हणून त्याला दुसऱ्या गावी शिकायलाही पाठवलं. पण १८५९च्या सुरुवातीला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जोसेफने भावाच्याच पावलावर पाऊल टाकलं. लूव्हेन शहरात येशू आणि मरियमच्या पवित्र हृदयांच्या नावाने चालणारा एक संन्यस्तांचा संघ होता, त्यात तो दाखल झाला. भावाने तिथे पाम्फिल हे नाव घेतलं होतं. याने डेमियन घेतलं. डेमियन हा जुन्या काळातला एक वैद्य संत, रोग्यांकडून पैसे न घेणारा. पुढे काय वाढून ठेवलंय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथे पहिलाच अडथळा आला. धर्मगुरू व्हायचं तर लॅटिन हवं, आणि जोसेफला लॅटिनचा गंध नव्हता. वरिष्ठांनी ठरवलं, की हा धर्मगुरू होण्याइतका शिकलेला नाही, याने मठात साधा ब्रदर म्हणून राहावं. तुमच्या भाषेत सांगायचं तर कट-ऑफमध्ये बसला नाही. त्याने तक्रार केली नाही. मिळेल त्या वेळात भावाकडून लॅटिन घोटून घेतलं, इतकं की वरिष्ठांनाच आपला निर्णय बदलावा लागला.

व्रत घेताना त्यांच्या संघात एक विधी होता. जमिनीवर पालथं पडायचं आणि अंगावर प्रेतावर घालतात ती काळी चादर घालून घ्यायची. जुन्या आयुष्याला आपण मेलो, अशी त्याची खूण. कित्येक तरुणांनी ही चादर अंगावर घेतली असेल आणि नंतर विसरूनही गेले असतील. डेमियन ती विसरला नाही. पुढे आयुष्याच्या वळणावर त्याला हीच चादर आठवली.

मठात तो रोज फ्रान्सिस झेवियरच्या चित्रासमोर उभा राहून प्रार्थना करायचा. हो, तोच झेवियर, ज्याचे अवशेष जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये आहेत. प्रार्थना एकच, मलाही दूरदेशी पाठव. १८६३मध्ये संघाची एक तुकडी हवाई बेटांकडे निघाली. तिच्यात पाम्फिलचं नाव होतं, डेमियनचं नव्हतं. निघायच्या सुमारास पाम्फिल टायफसच्या तापाने आडवा झाला. डेमियनने लूव्हेनच्या वरिष्ठांना विचारलंच नाही, थेट पॅरिसला संघाच्या प्रमुखांना पत्र टाकलं, की भावाच्या जागी मला पाठवा. परवानगी आली! सुमारे पाच महिन्यांचा समुद्रप्रवास करून १९ मार्च १८६४ला तो होनोलुलूला उतरला. दोन महिन्यांनी, २१ मे रोजी, तिथल्याच कॅथेड्रलमध्ये त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. युरोपचं तोंड त्याने पुन्हा कधी पाहिलं नाही.

वेगळं करणारा आजार

पहिली नऊ वर्षं तो हवाईच्या मोठ्या बेटावर होता. ज्वालामुखींचा मुलूख, एका वस्तीतून दुसरीत जायला खेचर, होडी नाहीतर स्वतःचे पाय. तो लोकांची भाषा शिकला, त्यांच्यात बसून जेवू लागला. चर्च बांधायचं तर गवंडीकाम आणि सुतारकाम स्वतः करायचा. हवाईयन लोकांनी त्याचं नाव आपल्या जिभेला सोपं करून घेतलं, कामियानो.

त्या काळात या लोकांवर एकामागून एक संकटं येत होती. युरोपीय जहाजांबरोबर बाहेरचे रोग आले आणि बेटांवरची वस्ती झपाट्याने घटत गेली. त्यात कुष्ठरोग पसरू लागला. औषध नव्हतं, तो कशाने होतो हेही माहीत नव्हतं. १८६५मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याच्या सरकारने कायदा केला, की कुष्ठरोग्यांना समाजातून बाजूला काढायचं. जागा शोधली मोलोकाई बेटाच्या उत्तर टोकाला. तीन बाजूंना खवळलेला समुद्र, चौथ्या बाजूला शेकडो मीटर उंच सरळसोट कडा. तुरुंगाला भिंत बांधायची गरजच नाही. जानेवारी १८६६मध्ये पहिले बारा रुग्ण कलावाओ इथे उतरवले गेले.

हवाईयन लोकांनी या रोगाला जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो वेगळं करणारा आजार. यात सगळं आलं. नवऱ्याला बायकोपासून, पोराला आईपासून तोडणारा. काही जण मात्र तुटायला तयार नसायचे. धडधाकट बायको आजारी नवऱ्याबरोबर जहाजात चढायची, आई मुलाबरोबर. अशा सोबत्यांना तिथे कोकुआ म्हणत. हे लक्षात ठेवा, कारण डेमियन तिथे पोचायच्या आधीपासून मोलोकाईवर प्रेम पोचलेलं होतं. रुग्णांनी स्वतःच एक प्रोटेस्टंट मंडळी उभारून सिलोआमा नावाने आपलं चर्चही सुरू केलं होतं. डेमियनच्या गोष्टी सांगताना अनेकदा हा भाग गाळला जातो, जणू तो येईपर्यंत तिथे नुसता अंधार होता. अंधार होताच, पण त्यात दिवे लावणारे हातही होते.

बाकी परिस्थिती मात्र भयंकर होती. सरकारला वाटलं होतं, रुग्ण शेती करून पोट भरतील. हातापायाची बोटं झडलेली माणसं शेती कशी करणार? अन्न अपुरं, पाणी लांब, घरं म्हणजे गवताच्या झोपड्या. जखमा बांधायला कुणी नाही. मेलेल्याला पुरायचं तर उथळ खड्डा आणि वर चार ढेकळं. डुकरं आणि कुत्री रात्री तो उकरून काढायची.

१० मे १८७३

मे १८७३मध्ये माउई बेटावर एका नव्या चर्चच्या आशीर्वादविधीसाठी धर्मगुरू जमले होते. बिशप मेग्रे यांनी मोलोकाईचा विषय काढला. तिथले कॅथलिक रुग्ण धर्मगुरू मागत होते, पण कुणालाही तिथे जायचा हुकूम करायला बिशपांचं मन धजत नव्हतं. चार तरुण पुढे आले. पाळी ठरली. डेमियन पहिला. त्याच्या जुन्या वस्तीतली कितीतरी माणसं आधीच त्या किनाऱ्यावर नेली गेली होती. त्यांचे चेहरे, त्यांची नावं त्याला माहीत होती.

१० मे रोजी बिशपांच्या बरोबरच तो उतरला. जहाजात नवे रुग्ण होते आणि गुरं होती. त्याचं वय तेहतीस. राहायला घर नव्हतं. पहिल्या रात्री तो एका हाला झाडाखाली झोपला. हे आपल्या केवड्याच्याच कुळातलं झाड. पुढचे कित्येक दिवस तेच त्याचं घर होतं. आणि तिथेच त्याला व्रताच्या वेळची ती काळी चादर आठवली. आपण एकदा मेलेलोच आहोत, मग आता भ्यायचं कशाला, असा काहीसा हिशोब त्याने मनाशी मांडला.

इथवर सगळं शौर्याच्या गोष्टीत शोभेल असं आहे. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली, आणि ती वासाची होती.

सडणाऱ्या जखमांचा वास बंद खोलीत कसा असतो, हे जखमा बांधणाऱ्यांनाच ठाऊक. डेमियनला तो सहन होत नसे. प्रार्थना चालू असताना त्याला श्वास घ्यायला बाहेर पळावंसं वाटायचं. कपड्यांतून वास जाईना म्हणून तो पाइप ओढायला लागला. म्हणजे बघा, हा माणूस काही वेगळ्या धातूचा बनलेला नव्हता. आपल्याला येते तशीच किळस त्यालाही यायची. त्याने ती लपवली नाही, घरच्यांना पत्रातून सरळ कळवली.

मग तो तिथे टिकला कसा?

हात आधी लावायचा

बायबलमधल्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. त्या काळी अशा माणसाला शिवणं निषिद्ध. येशू शब्दानेही बरा करू शकला असता, पण तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग बरं करतो. ख्रिस्ती शिष्य व्हायचं म्हणजे या गुरूसारखं वागायचं. आता डेमियनची अडचण बघा. बरं करणं त्याच्या हातात नव्हतं. ते त्या वेळी जगातल्या कुठल्याच डॉक्टरच्या हातात नव्हतं. नॉर्वेत हॅन्सन या शास्त्रज्ञाने कुष्ठरोगाचा जंतू शोधला तोही याच १८७३ साली. गुरूच्या त्या कृतीतला अर्धाच भाग शिष्याच्या वाट्याला आला होता. तो म्हणजे हात लावणं.

वरिष्ठांनी बजावलं होतं, की स्पर्श टाळ, त्यांच्या भांड्यात खाऊ नको. सल्ला चुकीचा नव्हता. सुरुवातीला तो सांभाळूनही असायचा. पण हळूहळू ते सुटलं. हवाईयन लोक पोई नावाचं कंदाचं पीठ एकाच भांड्यातून बोटांनी खातात. आलेल्याने त्या भांड्यात हात घातला नाही, तर तो आपला नव्हे. डेमियनने हात घातला. स्वतःचा पाइप मागणाऱ्याला दिला. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, मरणाऱ्याला कुशीत धरलं. पोरं अंगाखांद्यावर खेळायची, त्यांना त्याने कधी झटकलं नाही.

प्रवचनातही त्याने एक बदल केला. समोरच्यांना उद्देशून बंधूंनो असं न म्हणता, तो स्वतःला धरून आपण कुष्ठरोगी असं बोलू लागला. लोकप्रिय गोष्टीत हा शब्द त्याला रोग झाल्यानंतर तोंडी येतो आणि प्रसंग नाट्यमय होतो. प्रत्यक्षात तो ठणठणीत होता, नुकताच आला होता, तेव्हापासूनच असं बोलत होता. मराठीत आम्ही आणि आपण यांत केवढं अंतर आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही तुमच्यासाठी आलोय, असं म्हणणारे पुष्कळ असतात. आपण म्हणायला तिथे राहावं लागतं.

म्हणून ती पाळी त्याला पुरेना. कर्तव्य म्हणून गेलेल्याला पाळी पुरते, कारण त्याचा हिशोब काम नेमून देणाऱ्याशी असतो. डेमियनचा हिशोब ज्यांच्यात राहायचं त्यांच्याशी होता, आणि ज्याच्यासाठी राहायचं त्याच्याशी. त्या दुसऱ्याबद्दलही बोलायला हवं. हा माणूस समाजसेवक नव्हता. तो भक्त होता. रोज पहाटे उठून तो बराच वेळ वेदीसमोर बसायचा. ख्रिस्तप्रसादात प्रभू प्रत्यक्ष आपल्यासोबत आहे, अशी त्याची श्रद्धा होती, आणि ही सोबत नसती तर आपण इथे टिकलो नसतो, हे तो पत्रांतून पुन्हा पुन्हा कळवत असे. आपल्यावर कुणीतरी आधीच जीव ओवाळून टाकलाय, ही जाणीव त्याच्या मुळाशी होती. नरकाच्या भीतीने माणूस पाप टाळेल, पण पोईच्या भांड्यात हात घालणार नाही. त्याला दुसरं काहीतरी लागतं.

प्रेमाचं सुतारकाम

हे दुसरं काहीतरी नुसतं आत राहिलं असतं तर आपण आज त्याच्याबद्दल वाचत नसतो. डेमियनचं प्रेम हातोडी, करवत आणि कुदळ घेऊन बाहेर पडलं.

पाण्याचं बघा. वस्तीला पाणी लांबून आणावं लागे. ज्यांच्या पायाला जखमा, त्यांनी ते कसं आणायचं? डेमियनने सरकारकडून पाइप मिळवले आणि ज्यांच्या अंगात बळ होतं अशा रुग्णांना घेऊन ते टाकले. एका वादळात झोपड्या उडून गेल्या, तेव्हा त्याने लाकूड मागवून जमिनीपासून उचललेली घरं बांधायला घेतली, पांढऱ्या रंगाची. अनाथ मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी घरं उभारली. रस्ता केला, बागा लावल्या, कोंबड्या पाळल्या. होनोलुलूच्या आरोग्य मंडळाला तो इतकी पत्रं लिहायचा, की अधिकारी वैतागत. कापड पाठवा, दूध पाठवा, औषध पाठवा, डॉक्टर पाठवा.

चर्चमध्ये रुग्णांना वारंवार थुंकावं लागे, त्यामुळे ते आत यायला लाजत. डेमियनने चर्चच्या लाकडी जमिनीतच चौकोनी भोकं पाडली. पान गुंडाळून नळी करायची आणि भोकातून खाली थुंकायचं. देवाच्या घराला भोकं पाडणारा हा धर्मगुरू! पण माणूस बाहेर राहण्यापेक्षा जमिनीला भोक पडलेलं परवडलं, असा त्याचा सरळ सुतारी हिशोब होता. कलावाओच्या त्या सेंट फिलोमेना चर्चमध्ये ती भोकं आजही दाखवतात.

आणि शवपेट्या. मेलेल्याला कुत्र्यांच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही, हे त्याने आल्या आल्या ठरवलं. त्याने कबरस्तानाला कुंपण घातलं. शेकडो शवपेट्या स्वतःच्या हाताने ठोकल्या, कबरी स्वतः खणल्या. अंत्ययात्रेसाठी रुग्णांची मंडळं तयार केली. बोटं झडलेल्या माणसांनी वाद्यं वाजवायची, घसा बसलेल्यांनी गायचं, झेंडे घेऊन वाजतगाजत जायचं. आपण मेल्यावर आपलीही अशीच मिरवणूक निघेल, हे ठाऊक असलं की जगणंही बदलतं. ज्यांना समाजाने जिवंतपणीच मेलेलं मानलं होतं, त्यांना निदान मरताना माणूस म्हणून मरता आलं.

मदत करताना त्याने कॅथलिक आणि बिगरकॅथलिक असा भेद केला नाही. १८८१मध्ये राजकन्या लिलिउओकलानी वसाहत बघायला आली. समोरची माणसं पाहून तिला इतकं भरून आलं, की ठरलेलं भाषण तिला करता आलं नाही. परत गेल्यावर तिने डेमियनला राज्याचा मानाचा किताब पाठवला. तो त्याने क्वचितच अंगावर लावला.

संत, पण सोबतीला अवघड

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डेमियन गोड माणूस नव्हता. तापट, हट्टी, कुणाचं ऐकून न घेणारा. चोरून दारू गाळणाऱ्यांच्या अड्ड्यावर तो काठी घेऊन जायचा. मदतीला आलेल्या दुसऱ्या धर्मगुरूंशी त्याचं फारसं पटलं नाही. वरिष्ठांना तो डोकेदुखी वाटे. पुढे त्याची कीर्ती पसरली आणि लंडनमधल्या एका अँग्लिकन धर्मगुरूने त्याच्यासाठी मोठी रक्कम गोळा करून पाठवली, तेव्हा तर हा प्रसिद्धीला हपापलाय, असे टोमणे त्याला आपल्याच माणसांकडून ऐकावे लागले. ते त्याला रोगापेक्षा जास्त लागले.

एकटेपण तर विचारूच नका. सुरुवातीच्या काळात आरोग्य मंडळाने त्याला वसाहत सोडून बाहेर यायला बंदी केली. कॅथलिक धर्मगुरूलाही दुसऱ्या धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यावी लागते. एकदा त्याचे वरिष्ठ जहाजातून आले, पण त्यांना उतरू दिलं नाही. डेमियन होडी वल्हवत जहाजाजवळ गेला आणि खालून ओरडून, सगळ्यांच्या देखत, फ्रेंचमध्ये त्याने आपली कबुली दिली. वरून वरिष्ठांनी क्षमेचा हात उचलला. होडी वळली.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की प्रेम करायला स्वभाव आधी गुळगुळीत व्हावा लागत नाही. तुमच्यातही कुणी चटकन तापणारा असेल, कुणाला चार माणसांत मिसळता येत नसेल. डेमियनला यातलं बरंच होतं. तरीही तो रोज जखमा बांधत होता.

पायाला चटका बसला नाही

डिसेंबर १८८४. दिवसभर चालून आलेल्या डेमियनने पाय शेकायला पाण्यात घातले. पाणी उकळतं होतं. कातडी सोलून निघाली, फोड आले, पण त्याला काहीच जाणवलं नाही. बधिरपणा म्हणजे काय, हे अकरा वर्षं कुष्ठरोग्यांत काढलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढच्या वर्षी डॉक्टरांनीही शिक्कामोर्तब केलं.

रोग झाला म्हणून तो मागे सरला नाही, उलट त्याने कामाचा वेग वाढवला. वेळ थोडा होता. चर्च मोठं करायचं होतं, मुलांची सोय लावायची होती. आणि जी मदत तो वर्षानुवर्षं मागत होता, ती आता यायला लागली. १८८६मध्ये जोसेफ डटन नावाचा अमेरिकन गृहस्थ आला, पूर्वी सैन्यात असलेला. १८८८मध्ये मदर मारियान कोप आपल्या सिस्टर्सना घेऊन आल्या. त्याच वर्षअखेरीस एडवर्ड क्लिफर्ड हा इंग्रज चित्रकार भेटायला आला. येताना त्याने त्या काळी कुष्ठरोगावर वापरलं जाणारं गर्जन झाडाचं तेल आणलं होतं. डेमियनला त्याने थोडा आराम पडला, पण रोग हटला नाही.

१५ एप्रिल १८८९, पवित्र आठवड्यातला सोमवार. त्या दिवशी डेमियन गेला. वय एकोणपन्नास. पहिल्या रात्री ज्या हालाच्या झाडाखाली तो झोपला होता, त्याच झाडाच्या पायथ्याशी त्याला पुरलं. शवपेटी वाहून नेणारे कुष्ठरोगीच होते.

नंतर

मृत्यूनंतरही वाद सुटला नाही. होनोलुलूतल्या डॉ. हाइड नावाच्या प्रोटेस्टंट धर्मगुरूने एका खासगी पत्रात डेमियनच्या चारित्र्यावर चिखलफेक केली, आणि ते पत्र छापून आलं. त्याला उत्तर दिलं रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने. ट्रेझर आयलंड लिहिणारा तोच. तो स्वतः कॅथलिक नव्हता. डेमियन गेल्यावर काही आठवड्यांतच तो मोलोकाईला जाऊन, रुग्णांशी बोलून आला होता. १८९०मध्ये त्याने हाइडना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. गंमत अशी, की त्याने डेमियनचे दोष लपवले नाहीत. तो हट्टी होता, अजागळ होता, हे सगळं मान्य केलं. मुद्दा एवढाच मांडला, की जिथे जायला हवं होतं तिथे बाकीचे आपापल्या घरात बसले असताना हा गेला.

या मृत्यूचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. डेमियनच्या स्मरणार्थ लंडनमध्ये नॅशनल लेप्रसी फंड उभा राहिला. त्या निधीतून १८९०-९१मध्ये एक आयोग हिंदुस्थानात अभ्यासाला आला. कुष्ठरोग लोक समजतात तितका सहज पसरत नाही, तेव्हा सरसकट सगळ्या रुग्णांना सक्तीने दूर ठेवायची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही १८९८मध्ये इथे कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवायचा कायदा झालाच. भीती अहवाल वाचत नाही. हवाईतली सक्ती तर १९६९पर्यंत चालली. तोवर सुमारे आठ हजार माणसं त्या किनाऱ्यावर नेली गेली होती.

१९३६मध्ये डेमियनचे अवशेष बेल्जियमला नेले गेले. हवाईच्या लोकांना ते रुचलं नाही. शेवटी १९९५मध्ये त्याच्या उजव्या हाताचे अवशेष परत आले आणि कलावाओच्या त्याच जुन्या कबरीत ठेवले गेले. ज्या हाताने जखमा बांधल्या, तो हात. २००९मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्याला संत म्हणून जाहीर केलं.

पण डेमियनचं काम खऱ्या अर्थाने पुढे नेलं ते मागे राहिलेल्यांनी. मदर मारियान १९१८मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिल्या. जोसेफ डटनने चाळीसहून जास्त वर्षं तिथे काढली. ना पगार, ना पाळी.

आता तुमच्याकडे

आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. म्हणजे जे डेमियनच्या हातात नव्हतं, ते बरं करणं, आपल्या हातात आलंय. तरीही जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आपल्या देशात सापडतात, आणि त्यातले कित्येक जण कातडीवरचा बधिर चट्टा लपवत बसतात. औषधाला नव्हे, लोकांना घाबरून. सवाल अजूनही त्या उरलेल्या अर्ध्या भागाचा, हात लावण्याचाच आहे.

तुमच्यापैकी काही जण सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आले असतील, आनंदवन पाहिलं असेल, अमरावतीचं तपोवन किंवा वर्ध्याजवळचं दत्तपूर ऐकून असाल. या संस्था उभ्या करणाऱ्यांच्या श्रद्धा वेगवेगळ्या होत्या. डेमियनची श्रद्धा ख्रिस्तावर होती आणि ती बाजूला काढून त्याची गोष्ट सांगता येत नाही. तुमची श्रद्धा तीच असेल, दुसरी असेल किंवा कदाचित कुठलीच नसेल. पण एक गोष्ट तुम्ही स्वतःच्या बाबतीत पडताळून बघू शकता. पुढच्या वेळी कुठे मदतीला जाल, तेव्हा परतीच्या बसची आठवण किती वाजता येते, ते बघा. आणि बस आली तरी पाय निघत नसेल, तर तो कुणासाठी निघत नाही, तेही बघा.